बारा काजू

रात्री भिजत घातलेले काजू
सकाळी तान्ह्या मुलाच्या कानांइतके मऊ झाले होते.
मूठभर उचलले, टाकले.
मोजायचे असतात हे कुणाला ठाऊक?

हिच्या गालाच्या आत सात टाके.
बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं :
दहा दिवस बोलणं नाही, चावणं नाही,
जे द्याल ते पेल्यातून, गाळून, गार.
तिखट नको, आंबट नको.
म्हणजे आमच्या घरातलं काहीच नको.

चौतीस वर्षं मी बार्जचं इंजिन सांभाळलं.
मांडवीच्या भरती-ओहोटीचं गणित तोंडपाठ,
पण सांखळीच्या या स्वयंपाकघरात
माझी फेरी पाण्याच्या माठापुढे
कधी गेली नव्हती.

साळदाटी केळी दोन. घडातली नेमकी कुठली
ते हिने बोटाने दाखवलं :
ही नको, ती, काळे ठिपके पडलेली.
चिकू तीन. बिया काढून ओळीने मांडल्या, पुन्हा मोजल्या.
पात्याखाली खडा गेला की काय होतं
ते इंजिनवाल्याला कुणी सांगू नये.
मानकुराद टेबलावरच होता,
देठाशी चीक वाळलेला.
हिने तो उचलला, डोळे मिटून हुंगला
आणि परत ठेवला,
वाण्याने उधारी मांडून ठेवावी तसा.

नारळ खवला, सोबत थोडा माझा अंगठाही.
पहिला जाड रस फडक्यातून पिळला.
दुसरा, पातळ, ओतून देणार तोच
हिने मनगट धरलं.
संध्याकाळच्या हुमणासाठी. माझ्या.

मग मिक्सर. तेही एक इंजिनच, लहान.
आधी हळू, थांबत थांबत, मग जोर.
काजूंचा खडखडाट ओसरत आला,
आवाज जाड होऊ लागला,
चिखलातून सुटून बार्ज खोल पाण्याला लागावी तसा,
आणि वीज गेली.

आधी पंखा गेला,
मग पलीकडे फटू सुताराचा रंधा,
मग ऐकू आला हिचा श्वास, नाकातून, सावध.
भांड्यात डोकावलो :
अर्धी साय, अर्धी कणी.

ही उठली. मागच्या पडवीत रगड्यावरचं पोतं काढलं,
पाटावर बसली, मलाही बसवलं.
मी वरवंटा असा फिरवला
की पहिल्याच फेऱ्याला चिकू माझ्या सदऱ्यावर.
तिने माझ्या हातावर हात ठेवला.
जोर नको. गोल.
हे सगळं ती हाताने बोलली,
आणि मला वाटतं, इतकं सविस्तर
आम्ही बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो.

दगडाच्या कडेने हळूहळू वर आलं ते
पिवळसर, तपकिरी झाक असलेलं, दाट,
बोटावर घेतलं तर खाली उतरायला वेळ लावणारं.
नारळाच्या रसात सैल केलं,
मलमलीतून गाळलं,
पेला माठाच्या ओल्या बुडाशी टेकवून ठेवला.

पहिला घोट तिने तोंडात नुसता धरून ठेवला.
मग विजेच्या बिलाची मागची बाजू ओढली,
पेन्सिलीने लिहिलं : मीठ. चिमूटभर.
त्याखाली : काजू बारा पुरतात.
तुम्ही वीस घातलेत.

लग्नाआधी दोन मोसम
ही काजूच्या कारखान्यात सोलणीला होती.
बोटांवरचं ते काळं तेल
हळदीतही सुटलं नव्हतं.
मी मीठ घातलं. वाद घातला नाही.

पेला निम्म्यावर आला असेल,
तोच आत स्वयंपाकघरात काहीतरी किंचाळलं.
वीज आली होती.
भांडं उतरवून ठेवलेला मिक्सर
रिकामाच गरगरत ओट्याच्या कडेकडे निघाला होता.
बटण बंद करायचं राहिलं होतं.
मी धावलो, पाटाला ठेचकाळलो,
खटका दाबून, धापा टाकत परत आलो,
तर बिलावर नवी ओळ :
चौतीस वर्षं इंजिन?

टाके आहेत, हसायचं नाही, असं मी म्हणालो.
तिने दोन्ही तळव्यांनी गाल घट्ट धरले,
ओठ मिटलेले,
आणि खांदे हलत राहिले, हलत राहिले,
पेल्यातली साय सांडेपर्यंत.